शेवटच्या घरापासून नळ

आमच्या नगरपंचायतीच्या पाणीपुरवठा सभापती सभेला यायच्या तेव्हा त्यांचा एक खांदा ओला असायचा. नव्या माणसाला वाटायचं, बाई फारच घामाघूम होऊन आल्या. जुन्यांना माहीत होतं की सभेआधी त्या दरीतल्या विहिरीवरून हंडा आणून दुसऱ्याच्या घरी ओतून आल्या आहेत. काहीजण गालातल्या गालात हसायचे. त्या हसणाऱ्यांचा मला असा राग यायचा की त्यांची बिलं माझ्या टेबलावर आली की मला हमखास चहाची आठवण व्हायची.

मी योगिता, लेखा विभागात कारकून. गाव जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातलं. नाव लिहीत नाही, कारण आमच्या लोकांना स्वतःबद्दल काही छापून आलेलं खपत नाही आणि मला अजून त्याच ऑफिसात बसायचं आहे. बाजाराची एक लांब गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि उतारावर पसरलेले पाडे. कागदावर हे सगळं शहर. त्या शहराच्या अगदी टोकाला बोरपाडा, आणि तिथून या सभापती, रुपीबाई, निवडून आल्या.

जागा राखीव होती म्हणून आल्या, असं बाजारात म्हणतात. म्हणोत. जागा राखीव असली तरी उभं राहायला माणूस लागतं. रुपीबाई त्याआधी आश्रमशाळेत स्वयंपाकाला होत्या. अंगाने ठेंगण्या, आवाज मात्र असा की मैदानाच्या पलीकडची पोरं ताटं घेऊन पळत यावीत. तोच आवाज त्या सभागृहातही वापरायच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. विषयपत्रिका बोट ठेवून वाचायच्या आणि प्रत्येक विषयाला एकच प्रश्न विचारायच्या, "हे कोनाच्या घरापरयंत जातं?" रस्ता असो, गटार असो, दिवे असोत, प्रश्न तोच. मुख्याधिकारी मॅडम सुरुवातीला वैतागल्या. पुढे पुढे टिपणी लिहितानाच त्याचं उत्तर लिहायला लागल्या.

बोरपाड्याचं दुखणं पाण्याचं. आमच्याकडे पाऊस इतका पडतो की भिंतींना शेवाळ येतं, आणि उन्हाळ्यात प्यायला घोट मिळत नाही. पूर्वी पाड्याखालचा झरा होळीपर्यंत टिकायचा. अलीकडे पाऊस चार दिवसांत कोसळून जातो, मग ऊन असं तापतं की झरा संक्रांतीलाच आटतो. मग राहते ती दरीतली एक विहीर. पाड्यात कोणाकडे चारचाकी नाही, कोणाकडे पंख्यापलीकडे विजेचं काही नाही. हवा बिघडवण्यात त्यांचा हात नाही, पण झळ पहिली त्यांना. हे मला सांगायला कुठली कार्यशाळा लागली नाही, तरी कार्यशाळेला मी गेले होते. जेवण चांगलं होतं.

पाड्यासाठी नळयोजना याआधी दोनदा मंजूर झाली. दोन्ही वेळा काम टाकीपासून सुरू झालं, बाजारातून पुढे आलं, आणि बोरपाड्याच्या अलीकडे पैसे संपले. दोन्ही वेळा पुढच्या पाइपासाठी चर मात्र आधीच खणून ठेवला होता, जिवादादाच्या नाचणीच्या शेतातून. जिवादादा म्हणजे रुपीबाईंचे चुलत थोरले दीर. पाड्याचं शेवटचं घर त्यांचं. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, रावणाचं सोंग त्यांच्या घराण्याकडे आहे, आणि मुखवटा उतरवल्यावरही चेहऱ्यात फारसा फरक पडत नाही. चर खणला, पाइप आला नाही, पावसात शेताची माती वाहून गेली. असं दोनदा झाल्यावर कोणाचाही चेहरा तसाच होईल.

मग एका वर्षी वरून सूचना आली. अंदाजपत्रकात हवामानाच्या कामांसाठी वेगळा निधी राखा, आणि ज्यांना झळ जास्त त्यांचा विचार आधी करा. सोबत थोडा निधीही आला. आमच्या सभागृहात उत्साह पसरला. चौकात झाडांची उभी भिंत करू, रंगीत एलईडी लावू, ई-वाहनांसाठी चार्जिंगची सोय करू, अशा सूचना आल्या. गावात तेव्हा बॅटरीवरची एकच स्कूटर होती आणि ती माझ्या मामेभावाची. एकाने मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहून फोटोची जागा करायचं सुचवलं. त्याचा हवामानाशी काय संबंध, असं मी विचारणार होते, पण कारकुनाने सभेत बोलायचं नसतं.

रुपीबाईंनी विचारलं, "हे कोनाच्या घरापरयंत जातं?"

चौकापर्यंत, असं उत्तर आलं. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "चौकात कोन राहतं?"

शेवटी ठरलं की हा निधी पाण्यावर खर्च करायचा. जुना पंप विजेवर चालायचा, वीज दिवसातून निम्मा वेळ नसायची, आणि जी असायची तिचं बिल पाणीपट्टी गिळून टाकायचं. बाजारातसुद्धा नळ दिवसाआड. म्हणून डोंगराखालच्या, गाडीवाट नसलेल्या लांबच्या नदीवर सौर पंप, माळावर नवी टाकी, आणि टाकीतून बाजाराला आणि बोरपाड्याला पाणी, अशी योजना झाली. यावर सगळ्यांचे हात वर गेले. भावेशशेठचासुद्धा. हे बाजारातले नगरसेवक. यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, तेही नगरपंचायतीच्याच गाळ्यात. माणूस वाईट नाही. पण गावाचा नकाशा काढायला सांगितला तर बाजाराची गल्ली काढून थांबेल.

आमचे अभियंते दिपेश यांनी कामाचा क्रम वाचला. आधी पंप, मग टाकी, मग बाजाराची जोडणी, मग पाडा.

"उलटं करा," रुपीबाई म्हणाल्या. "पाड्यापासून लावा. शेवटच्या घरापासून वर टाकीकडं."

"ताई, पंपच नाही तर नळाला काय येणार? आणि पाणी सोडून बघितल्याशिवाय गळती कळत नाही," दिपेश म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, आणि पुढे ते खरंही ठरलं.

भावेशशेठ हसून म्हणाले, "सभापतीबाई, घर बांधताना कौलापासून सुरुवात करतात का?"

तेव्हा रुपीबाईंनी पंगतीचं सांगितलं. बोरपाड्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपली की सगळा पाडा एकत्र जेवतो. वाढायला सुरुवात होते ती चुलीपासून सर्वांत लांब बसलेल्या माणसापासून. चुलीजवळच्यांना शेवटी. हे पाड्याबाहेर मी कुठे पाहिलेलं नाही.

"चुलीजवळचा मानूस असतो ना," रुपीबाई म्हणाल्या, "त्याला कमी पडलं तं तो उठून परत शिजवतो. चूल त्याच्या हाताशी हाय. लांबच्याला कमी पडलं तं तो काय करंल? हात धुवंल नं उठंल. आम्ही दोनदा हात धुतलं. आता तुमी चुलीजवळ बसलाव. पैसं संपलं तं तुमी शिजवा."

मग नगराध्यक्षांनी मतदान घेतलं आणि ठराव जेमतेम पास झाला. त्या रात्री मला आनंदाने जेवण गेलं नाही.

पण पाड्यातच अडलं. चर पुन्हा जिवादादांच्या शेतातून जाणार होता. जिवादादा बांधावर उभे राहिले आणि जेसीबीवाल्याला म्हणाले, घाल माझ्या अंगावरून. रुपीबाई आल्या, हात जोडले, समजावलं. जिवादादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रुपे, दोन बारीला असंच सांगलं होतं. तवा सायब होते, आता तू हायस. मना काय फरक?"

रुपीबाई म्हणाल्या, "फरक हाय. नळाला पानी येयापरयंत तुमच्या घरचं पानी मी भरीन. रोज. नाय आलं तं मरंपरयंत भरीन."

जिवादादांच्या घरी ते आणि त्यांची बायको पारू. पारूचा कमरेचा आजार जुना, तिला दरी उतरवत नव्हती. पाणी सून भरायची, पण मुलगा-सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. जिवादादा बांधावरून बाजूला झाले एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून हंडा सुरू झाला. दरी उतरायची, विहिरीवर नंबर लावायचा, हंडा भरून चढायचा, जिवादादांच्या घरात ओतायचा, मग स्वतःच्या घरचं, मग सभा. पारू आतून "बस गं जराशी" म्हणायची. जिवादादा ओट्यावर बसलेले असायचे. हंडा आला तरी बघायचे नाहीत, गेला तरी बघायचे नाहीत. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय, आणि त्या माणसाला चार शब्द सुनवावेत असं मला प्रत्येक वेळी वाटलंय.

पाड्यातून वर टाकीपर्यंत पाइप गेले. टाकी झाली. आणि रुपीबाई म्हणाल्या होत्या तसेच पैसे संपले. सौर पंप राहिला. बोरपाड्यात दारोदार चकचकीत नळ उभे राहिले, कोरडे ठणठणीत. लोकांनी त्यांना शेळ्या बांधायला सुरुवात केली. बाजारात त्यांना रुपीबाईचे खुंटे म्हणायचे.

आता बाजार उठेल आणि शिजवेल, असा रुपीबाईंचा हिशेब. बाजार उठला नाही. बाजाराने बाहेरून डबा मागवला. दुकानदारांनी खाजगी टँकर आणले, हॉटेलवाल्यांनी पाण्याचे जार आणले, आणि उन्हाळा निभावून नेला. हे रुपीबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोरपाड्यातल्या पंगतीत ज्याला कमी पडलं त्याला शिजवण्याशिवाय दुसरा मार्गच नसतो. पैसे फेकून बाजूला होता येतं, हे त्यांना सुचणार कुठून? चूक त्यांची होती, पण अशी चूक करायला ज्या घरात वाढावं लागतं त्या घराबद्दल मला तरी आदरच वाटतो.

पाऊस आला नि गेला, झरा पुन्हा आटला, हंडा चालूच. पुढच्या अंदाजपत्रकातही सौर पंपाला तरतूद मिळाली नाही. टँकर येतोय तोवर घाई काय, असं भावेशशेठ म्हणाले. रुपीबाईंचा गुडघा सुजायला लागला. पायऱ्या चढताना त्या कठड्याला धरायच्या. पाड्यातल्या बायकाही बोलायला लागल्या, की हिने आपल्याला खुंटे दिले. निवडणूक जवळ येत होती. मी एकदा त्यांना गाठून म्हटलं, "ताई, सोडा आता. जिवादादांना सांगा, नाही जमलं. माणसाने किती ताणायचं?"

त्या म्हणाल्या, "बाय, मी थांबले तं मग पानी येनार नाय असं मीच बोलले, असं व्हईल." आणि गुडघ्याला पदर बांधून पायऱ्या उतरल्या. मला त्यांचा रागही आला आणि जाऊन मिठी मारावीशीही वाटली. ऑफिसात दोन्ही करता येत नाही.

त्या वैशाखात वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले, जुना पंप बंद पडला. टँकर भरायची जागाही विजेवरचीच, त्यामुळे टँकरही बंद. बाजारात बाटलीबंद पाणी आधी संपलं, मग हसणं संपलं. आणि भावेशशेठच्या घरी मुलीचं लग्न. मांडव पडलेला, आचारी आलेले, भांडी कोरडी. शेठनी जीपमध्ये निळं पिंप टाकलं आणि जिथे पाणी असल्याचं त्यांनी फक्त सभेत ऐकलं होतं तिथे, दरीतल्या विहिरीवर गेले.

हे मला त्यांनीच नंतर सांगितलं, म्हणून लिहिते. जीप वर ठेवून पिंप गडगडवत खाली नेलं. विहिरीत पाणी म्हणजे तळाला पसरलेला ओलावा. एक मुलगी आत उतरून वाटीने पाणी भरून बादलीत टाकत होती, बादली वर ओढली जात होती. वर हंड्यांची रांग. तिथे माणसं रांगेत उभी राहत नाहीत, हंडे राहतात, बायका सावलीला बसतात. शेठनी सवयीने पिंप पुढे सरकवलं.

सावलीतून आवाज आला, "शेठ, नंबर लावा." रुपीबाई होत्या. त्यांचाही हंडा रांगेत होता.

शेठनी पिंप मागे नेऊन ठेवलं. हंड्यांच्या शेवटी ते निळं पिंप उभं राहिलं आणि शेठ बायकांपासून जरा लांब दगडावर बसले. ऊन डोक्यावर आलं. रुपीबाईंचा नंबर आला, त्यांनी हंडा भरला. शेठना वाटलं, ओळखीच्या आहेत, आपल्याला देतील. रुपीबाईंनी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या पोरीला माझा आशीर्वाद सांगा. हा हंडा मना देता येत नाय, तो जिवादादाचा हाय." आणि लंगडत चढ चढायला लागल्या. शेठ म्हणाले, मी त्या पाठीकडे वर दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. त्यांना दुपार ढळल्यावर अर्धं पिंप मिळालं. लग्न कसंबसं पार पडलं.

पुढच्या सभेत भावेशशेठ उभे राहिले. नगरपंचायतीच्या गाळ्यांचं भाडं वाढवा आणि वाढलेला पैसा सौर पंपाला द्या, असं त्यांनी सुचवलं. ते भाडं शेठच्या वडिलांच्या काळापासून तसंच होतं, आणि वाढीचा विषय निघाला की सगळ्यात आधी शेठच उभे राहायचे. माझ्या हातातलं पेन खाली पडलं. दुकानदारांनी कुरकुर केली. शेठ त्यांना म्हणाले, "जाऊन एकदा विहिरीवर नंबर लावून या, मग बोलू." ठराव झाला. त्या वर्षीच्या सुधारित अंदाजपत्रकात सौर पंपाची तरतूद मी माझ्या हाताने टाइप केली, आणि उगाचच दोनदा वाचली.

पंप बसला, सौर पॅनेल लागले. पहिल्या चाचणीला बोरपाड्याच्या वाटेत पाइप तीन ठिकाणी गळला. दिपेशनी सांगितलंच होतं. बिचारे चिखलात बसून सांधे बदलत राहिले, आणि एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाले नाहीत. दुसऱ्या चाचणीलाही नळापर्यंत काही पोचलं नाही. पाड्याने आशा सोडली. रुपीबाई सकाळी हंडा घेऊन दरी उतरतच होत्या.

तिसऱ्या वेळी दिपेशनी कोणाला काही कळवलं नाही. नारळ नाही, हार नाही. सकाळीच टाकीची चावी उघडली आणि मला म्हणाले, चला, शेवटच्या घरी जाऊन बघू. आम्ही जिवादादांच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. नळ आधी नुसताच फुसफुसला, मग गढूळ थुंकला. मग धार आली.

पाडा धावत आला. हंडे, कळशा, पातेली, पोरांच्या हातात पेले. पारू भिंतीला धरून दारात आली आणि ओले हात तोंडावरून फिरवत राहिली. सगळ्यांनी त्याच नळाला भांडी लावली, कारण आपापल्या घरीही नळ आहे हे कोणाला आठवतच नव्हतं. एकटे जिवादादा ओट्यावर बसून होते. शेजारी त्यांच्या घरची रिकामी भांडी. मी म्हटलं, "दादा, तुमच्याच दारचा नळ, तुम्ही भरून घ्या ना." ते माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. इतका हेकट माणूस जन्मात पाहिला नाही, असं मी दिपेशना मोठ्यानेच म्हटलं.

तेवढ्यात चढावरून रुपीबाई आल्या. डोक्यावर हंडा, एक हात गुडघ्यावर. गर्दी बघून थांबल्या. मग त्यांना नळ दिसला. त्या तशाच उभ्या राहिल्या.

जिवादादा उठले. गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतला. आमच्याकडे पुरुष बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवत नाहीत. जिवादादांनी हंडा घरात नेला, रांजणात ओतला, शेवटचा थेंब निथळेपर्यंत धरून ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाले, "आज आमी हेच पिनार. नळाचं उद्यापासून."

नंतर तोच हंडा त्यांनी नळाखाली धरला. भरला तसा रुपीबाईंची चुंबळ मागून घेतली, आपल्या डोक्यावर ठेवली, तिच्यावर हंडा चढवला आणि रुपीबाईंच्या घराच्या दिशेने चालायला लागले. कोणी हसलं नाही. रुपीबाई त्यांच्या मागून चालत होत्या, हात मोकळे सोडून, आणि रडत होत्या.